बुधवारची मोटर आणि विमानाचं इंजिन

मला लिहायला लावू नका असं मी तीनदा सांगितलं. आमच्या बागायतदार मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पुस्तिका निघते आहे. तिच्यात विमानाचा प्रसंग पाहिजे आणि तो दामूनेच लिहावा, असं मंडळाने ठरवलं. मंडळात मीही आहे. मला न विचारता ठरवलं. मी चौथी शिकलेला माणूस, सही करायला लागतो तेव्हा चष्मा शोधतो. नातीने वही-पेन आणून समोर ठेवलं आणि म्हणाली, "आजोबा, बोलता तसंच लिहा." बोलतो तसं लिहिलं तर पुस्तिका कोणी घरात ठेवणार नाही.

पण एक आहे. विमानात आम्ही आठ जण होतो. आज आमच्या निर्मळ गावच्या तळ्याच्या काठी बसून हा प्रसंग सांगणारे मोजले तर पंचवीसेक भरतील. त्या दिवशी जो घरी बसून भेंडी तोडत होता, तोही सांगतो की खाली समुद्रात मासे दिसत होते. हळदीला एक किस्सा, बारशाला दुसरा, तेराव्याला तिसरा. बावखलात पाला साचतो तसे हे साचत जातात आणि मग खाली पाणी आहे की चिखल तेच दिसत नाही. बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं खणलेलं तळं. विरारच्या फ्लॅटवाल्यांसाठी सांगितलं, बाकीच्यांना माहीत आहे.

तर पाला काढतो. मंडळाचे अध्यक्ष मास्तर म्हणाले, शुद्धलेखन मी बघीन. बघा. पण वाक्य गाळू नका. गाळलंत तर मी ते तळ्यावर उभा राहून वाचून दाखवीन.

*

आधी मोटर. विमान मागून.

माझं आणि माझ्या चुलतभावाचं, जगन्नाथचं, बावखल एकच. आजोबांनी जमीन वाटून दिली, पाणी वाटलं नाही. पाण्याची पाळी लावून दिली. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे. मंगळवार, गुरुवार, शनिवार जगूचे. रविवारी बावखलाला सुट्टी, पाझर परत भरायला. पुढे मोटर आली, तीही दोघांत एक. मोटरीच्या पेटीला कुलूप कोणाचं, तर ज्याची पाळी त्याचं. संध्याकाळी एकाने आपलं काढायचं, दुसऱ्याने आपलं लावायचं. असं वर्षानुवर्षं चाललं, भांडण नाही.

एका उन्हाळ्यात, बुधवारी, मी कामणला मेव्हण्याच्या घरी साखरपुड्याला गेलो. परत आलो तर वाडीत वास. मोटरीचं वायंडिंग जळाल्याचा वास एकदा घेतला की माणूस मरेपर्यंत विसरत नाही. गोडसर असतो आणि घशात बसून राहतो. बावखल तळाला गेलेलं, मोटर कोरडी फिरून जळलेली.

वार बुधवार. पाळी माझी. पेटीला कुलूप माझं. म्हणजे मोटर चालू ठेवून गेला दामू. झाला न्याय.

मी म्हटलं, "मी बटणाला हात लावला नाही."

जगू म्हणाला, "मग मोटरीला काय तहान लागली होती?"

सगळे हसले. मोटर सातिवलीच्या रिवाइंडिंगवाल्याकडे बारा दिवस पडून राहिली. तेवढ्यात जगूच्या पानवेली करपल्या आणि माझ्या केळींनी माना टाकल्या. मंडळाने बैठक घेतली आणि ठरवलं की पेटीला आता एकच कुलूप, जगूचं, आणि चावी जगूच्या घरी. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, माझ्या पाळीला, माझ्या अर्ध्या मोटरीची चावी मागायला मी जगूच्या दारात. त्याचा कुत्रासुद्धा मला बघून उठायचा बंद झाला.

आणि नाव पडलं वायंडिंग. माझ्या मुलाच्या लग्नात, माझ्याच मांडवात, वाढणारा ओरडला, "वायंडिंगकाकांच्या पानात जिलबी नाही!"

अशी एकोणीस वर्षं. आता विमान.

*

दोन वर्षांपूर्वी मंडळाने ठरवलं की कोईमतूरकडे जाऊन तिकडच्या केळीच्या बागा बघायच्या, आणि जायचं विमानाने. आमच्यातल्या सहा जणांनी विमान फक्त खालून पाहिलेलं. गजानन मास्तर आमचे अध्यक्ष. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि शाळा सुटली हे अजून त्यांना कळलेलं नाही. त्यांनी आम्हाला तळ्यावर रांगेत बसवून विमानाचा तास घेतला. कुठे बसायचं, काय खायचं, कान दुखले तर काय करायचं.

"विमानाला दोन इंजिनं असतात," मास्तर म्हणाले. "एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर विमान जातं."

मी विचारलं, "एकावर जातं तर दुसरं लावलं कशाला?"

"बंद पडलं तर असावं म्हणून."

"म्हणजे बंद पडतं."

मास्तर म्हणाले, "दामू, तू मागे बस."

*

विमानतळावर तपासणी. आमच्याबरोबर वामन होता, सुकेळीवाला. त्याची उन्हात वाळवलेली सुकेळी आमच्याकडे प्रसिद्ध. त्याच्या पिशवीत पाच किलो सुकेळी. मशीनमधल्या बाईने ती तीनदा आत-बाहेर केली. तिला वाटलं असेल हे काय काळं काळं गुंडाळून नेतायत. वामनने एक सुकेळं काढून स्वतः खाऊन दाखवलं, मग सोडलं.

पास्कोल माझा शाळेतला मित्र, शेजारच्या गावचा, फुलवाला. चर्चमध्ये पन्नास वर्षं गातो आणि पन्नास वर्षं कोणी त्याला थांबवलेलं नाही. तो दाराखालून गेला की दार ओरडायचं. खिशातून चाव्या काढल्या, रोझरी काढली, सुटे पैसे काढले. शेवटी मोगऱ्याचे कळे खुडताना अंगठ्यात घालायचं पत्र्याचं नख निघालं. त्याने ते काढून दिलं आणि शिपायाला म्हणाला, "संभालके रखो, मैं वापस आएगा."

मी म्हटलं, "पास्कोल, आपण चार दिवसांनी येणार."

त्याला काय माहीत, आणि मला तरी काय माहीत, की तो दीड तासात नख मागायला परत येणार आहे.

पण कमाल केली जगूने. त्याने मुनवा आणला होता. केळीच्या बुडाला पिल्लू फुटतं त्याला मुनवा म्हणतात, तो उपटून दुसरीकडे लावायचा. आमच्या राजेळीचा मुनवा, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला, तान्ह्या पोरासारखा कडेवर. तिकडच्या शेतकऱ्यांना भेट म्हणे.

शिपाई म्हणाला, "ये क्या है, अंकल?"

"केले का बच्चा है."

"इसका टिकट?"

जगू खरंच खिसे चाचपायला लागला.

*

विमानात तीन-तीनच्या रांगा. खिडकीपाशी जगू आणि त्याचा मुनवा, मध्ये पास्कोल, कडेला मी. आमच्या पुढच्या रांगेत मास्तर आणि वामन. हवाईसुंदरी आली, मुनवा वरच्या कप्प्यात ठेवा म्हणाली. जगू म्हणाला, कोंब मोडेल. ती म्हणाली, मग सीटच्या खाली. जगूने तो दोन पायांत असा धरला, जसं कोणी तो न्यायलाच टपलंय.

मग त्या मुलीने पट्टा कसा लावायचा ते हात हलवून दाखवलं. विमानातले सगळे मोबाइलमध्ये. बघत होते फक्त आमचे आठ जण. मास्तर तर मान डोलवत होते, मुलगी पाठांतर बरोबर म्हणतेय म्हणून. पाण्यात पडलो तर जॅकेट कसं फुगवायचं ते तिने दाखवलं तेव्हा पास्कोलने हात वर केला.

"पाण्यात कशाला पडायचं?"

ती हसली आणि पुढे गेली. पास्कोल मला म्हणाला, "बघ, उत्तर नाय दिलं."

*

विमान उडालं. पोट खाली राहिलं, बाकीचा मी वर गेलो. खाली झोपड्या, मग वाळू, मग समुद्र. जगू खिडकीला नाक लावून बसला होता. मी डोळे मिटून घेतले होते. मास्तर सांगतात की मी झोपलो होतो. मी झोपलो नव्हतो, मला बघायचं नव्हतं.

आणि वास आला.

गोडसर. घशात बसणारा.

मी डोळे उघडले आणि म्हटलं, "मोटर जळते आहे."

पुढच्या रांगेतून मास्तर वळून म्हणाले, "दामू, विमानाला मोटर नसते."

जगू खिडकीतून तोंडही न वळवता म्हणाला, "त्याला सगळीकडे तोच वास येतो. एकोणीस वर्षं झाली."

वामन असा हसला की त्याचं आसन हललं. ते हललं ते हलतच राहिलं. मग कळलं की आसन वामनमुळे हलत नाही. डाव्या बाजूने आवाज झाला, जसा कोणी रिकाम्या पिंपावर हातोडा घालावा. एकदा. मग लागोपाठ तीनदा. दिवे गेले, आले. विमान एका अंगाला कललं.

कोणी हसत नव्हतं आता.

मी पट्टा काढून उभा राहिलो आणि हवाईसुंदरीला ओरडून सांगितलं, "बाई, मेन स्विच बंद करा! कोरडी चालू ठेवू नका!"

ती म्हणाली, "सर, प्लीज बैठ जाइए."

हे मी सांगतो आहे कारण पुढे याचंही रामायण झालं. पण मला सांगा, मी चूक काय बोललो? दोन-तीन मिनिटांत कॅप्टनने माईकवर इंग्रजीत सांगितलं आणि मास्तरांनी मराठी केलं, "डावं इंजिन बंद केलं आहे. मुंबईला परत जातोय. घाबरू नका." म्हणजे मी सांगितलं तेच केलं. विमान चालवायला शिकलेला माणूस आणि चौथी शिकलेला माणूस, दोघांचं मत एक पडलं. फक्त त्याला कोणी वायंडिंग म्हणत नाही.

*

परत यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. मास्तर सांगतात तास लागला, वामन सांगतो दोन. तेवढा वेळ आमच्या मंडळाने कशात घालवला ते आजवर कोणी सांगितलेलं नाही. मी सांगतो.

सुरुवात मास्तरांनी केली. त्यांनी सीटवर मागे वळून आमच्याकडे बघितलं. चेहरा खडूसारखा. म्हणाले, "मंडळाच्या केळीच्या घडाच्या स्पर्धेत मी परीक्षक होतो ना. तीन वर्षं पहिला नंबर माझ्या मेव्हण्याला दिला. घड वामनचा मोठा होता."

वामन म्हणाला, "मास्तर, राहू दे. मी सुकेळी उन्हात वाळवत नाय. गच्चीवर पत्र्याची खोली आहे, आत हीटर लावतो."

मास्तर त्याही वेळी म्हणाले, "हीटर?"

पास्कोलची रोझरी चालू होती, ओठ हलत होते. जगूने पायांतून मुनवा वर काढला, मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने पास्कोलचा हात धरला. जगूला एरवी मुंबईसारखं बोलायला आवडतं. त्या दिवशी घरचं बोलणं वर आलं.

"पास्कोल, पानी मीच घेतलं. त्या बुधवारी. दाम्या कामणला गेला तर पेटी उघडी दिसली. पानवेली सुकत होत्या माझ्या. म्हटलं, अर्धा तास घेऊ. मोटर लावली आन जेवायला गेलो, तो झोपलो."

मी दीड हात अंतरावर बसलो होतो. एकोणीस वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य ऐकलं, आणि विमान पडतंय. असं नशीब.

मग जगूने मुनवा पास्कोलच्या अंगावरून माझ्या मांडीवर ठेवला. "हा तुझ्या वाडीत लाव," म्हणाला. आम्ही सगळे एकाच विमानात पडत होतो, मी तो लावणार कुठे, ते बोलला नाही.

पास्कोल माझ्याकडे वळून म्हणाला, "दामू, तुझं काय आहे का सांगायचं?"

मी म्हटलं, "काही नाही."

*

विमान उतरलं. धप्पकन, पण उतरलं. बाहेर आगीचे बंब ओळीने उभे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पास्कोल मोठ्याने गायला लागला आणि पहिल्यांदाच कोणालाही वाईट वाटलं नाही.

मी पट्टा सोडला. जगूने घसा खाकरला.

"दाम्या, मुनवा दे."

"तू मला दिलास."

"धर म्हटलं होतं. दिला कुठे?"

पास्कोलच्या अंगावरून हात लांब करून त्याने मुनवा उचलला आणि गोणपाट नीट करत पुढे गेला. विमान थांबून दोन मिनिटंही झाली नव्हती. दार उघडायचं होतं अजून.

कंपनीवाले म्हणाले, संध्याकाळच्या विमानाने पाठवतो. आमच्यापैकी एकही जण त्या बाजूला वळला नाही. पास्कोल तेवढा नख मागून आला. दुपारी दोनला आम्ही वसईत उतरलो. कोईमतूरच्या बागा मंडळाने अजून बघितलेल्या नाहीत.

*

आमच्या मागच्या रांगेत विरारची एक मुलगी होती, ऑफिसच्या कामाला निघालेली. तिने मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. दुसऱ्या दिवशी तो वसई-विरारच्या प्रत्येक मोबाइलवर. त्यात दिसतो कोण? मी. "बाई, मेन स्विच बंद करा!" कोणी त्याला गाणं लावलं. भाजीवाली मला बघून म्हणाली, "काका, मेन स्विच!"

मला मात्र आनंद झाला. म्हटलं, व्हिडिओ आहे म्हणजे पुढचंही असेल. नातीने मोबाइलवर चार ठिकाणी विचारून ती मुलगी शोधली. मी शर्टाला इस्त्री करून विरारला गेलो. नवव्या मजल्यावर घर. मुलीने चहा दिला, बिस्किटं दिली.

"पुढचं आहे का? माझ्या भावाने कबूल केलं ते?"

"सॉरी काका. तुमचं झाल्यावर मी आईला मेसेज लिहीत बसले होते."

"पण ऐकलं असशील ना?"

"आजोबा कोणीतरी पाण्याबद्दल बोलत होते. मला वाटलं त्यांना प्यायला हवंय. मी बाटली पुढे केली होती, तुम्ही घेतली नाहीत."

*

मग मी मंडळाची बैठक मागितली. तळ्याच्या काठी, संध्याकाळी, सगळे हजर. मी उभा राहून म्हटलं, "जगू विमानात काय बोलला ते ज्यांनी ऐकलं त्यांनी सांगावं."

मास्तरांनी आभाळाकडे बघितलं. वामनने तळ्याकडे. मग मास्तर म्हणाले, "माझी सूचना आहे. विमानात बोललेलं विमानात राहावं. घाबरलेल्या माणसाचं बोलणं धरू नये." वामनने ताबडतोब अनुमोदन दिलं. एवढ्या वर्षांत वामनने मास्तरांना अनुमोदन दिल्याचं मला आठवत नाही. हीटरची ऊब.

उरला पास्कोल. हात त्याचाच धरला होता. मी म्हटलं, "पास्कोल, तू सांग."

पास्कोल म्हणाला, "दामू, तो कुमसार होता. माणूस पाप कबूल करतो तेव्हा ऐकणाऱ्याने ते पोटात ठेवायचं. चुकून कानावर पडलं तरी. आम्हाला लहानपणी शिकवलंय."

"कुमसार फादरकडे करतात. तू फुलवाला आहेस."

"फादर नव्हता विमानात."

"आणि जगू हिंदू आहे."

"भीती खरी होती ना? मग झालं."

म्हणजे बघा. जगूने कबूल केलं हे पास्कोलने मान्य केलं. काय कबूल केलं ते सांगणार नाही.

तेवढ्यात जगू उठला. शांतपणे म्हणाला, "मी भीतीने काय बरळलो मला आठवत नाय. पण एक सांग, दाम्या. त्या बुधवारी पेटीला तुझं कुलूप होतं. तूच सगळ्यांना ओढून दाखवलंस. मग मी पेटी उघडली कशी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बसलो.

घरी जाताना पास्कोल सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आला. माझ्या वाडीच्या बेड्याशी, म्हणजे फाटकापाशी, थांबला आणि म्हणाला, "विमानात सगळ्यांनी केला. तुझा राहिला."

*

आता हे वाक्य मास्तरांनी गाळू नये.

त्या बुधवारी कुलूप लावायचं मी विसरलो. कामणची गाडी चुकेल म्हणून धावत निघालो आणि कुलूप सदऱ्याच्या खिशातच राहिलं. साखरपुड्यात पेढा काढायला खिशात हात घातला तेव्हा हाताला लागलं. संध्याकाळी आलो, वास आला, पेटी उघडी. कोणी यायच्या आत मी कुलूप लावलं आणि मग हाक मारली. सगळ्यांना ओढून दाखवलं, हे बघा, कुलूप आहे. मला वाटलं, कुलूप दाखवलं की सुटलो. कुलूप दाखवलं म्हणूनच अडकलो. मी पेटी उघडी राहिली म्हटलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मग कोण आलं होतं? पण कुलपाची किल्ली माझ्याकडे, म्हणजे चोरही मीच.

आणि जगूला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की मी खोटं बोलतोय. पेटी उघडी होती हे जगात दोघांनाच ठाऊक. मला आणि त्याला. मी उघडी होती म्हटलं तर खोटा ठरतो. त्याने उघडी होती म्हटलं तर चोर ठरतो. असे दोघे भाऊ एका पाण्यावर एकोणीस वर्षं, आणि वर आणखी दोन.

विसरणं वेगळं आणि दुसऱ्याच्या पाळीला मोटर लावून झोपणं वेगळं. हे माझं म्हणणं आजही कायम आहे. पण कुलपाचं मी खोटं बोललो. हा माझा कुमसार. पास्कोलला सांगा, झाला.

*

इथपर्यंत लिहून मी वही मास्तरांकडे शुद्धलेखनाला दिली, सोमवारी. मास्तरांच्या पोटात चहासुद्धा राहत नाही. मंगळवारी वही परत आली. सतरा ठिकाणी लाल शाई, वाक्य एकही गाळलेलं नाही. घडाच्या स्पर्धेच्या ओळीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "दोनच वर्षं. तिसऱ्या वर्षी मेव्हण्याचा घड खरंच मोठा होता."

बुधवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे चावी मागायला जगूच्या दारात गेलो. जगू नव्हता. शालूवहिनी ओटीवर तांदूळ निवडत होती.

"वहिनी, चावी."

"चावी नाय."

"म्हणजे?"

"मला काय विचारता. सकाळीच उठून कोयती घेऊन गेले तिकडे. तुमच्यात काय आहे ते तुम्ही बघा. मी एकवीस वर्षं त्या चावीला तेल लावतेय."

मी बावखलावर गेलो. पेटी सताड उघडी. कुलूप नाही, कडी नुसती लोंबत होती. कडीला केळीच्या सोपटाने, वाळक्या सालीच्या दोरीने, एक फणी बांधलेली. राजेळीची, घडातली पहिली, जाड सालीची, तेरा केळी. विमानातून परत आलेला तो मुनवा जगूने बावखलाच्या पलीकडच्या काठाला लावला होता. तिकडे बघितलं. झाड उभं होतं, घड कापून नेलेला. आणि बुडाशी ताजी माती, एक पिल्लू उपटलेलं. ते पिल्लू माझ्या बाजूच्या काठाला, खड्ड्यात उभं होतं. वर पाणी घातलेलं.

आजूबाजूला कोणी नाही. पलीकडे त्याच्या पानवेलीत काहीतरी हललं, पण मी हाक मारली नाही. त्यानेही मारली नाही.

मी मोटर लावली. केळींना पाणी दिलं, त्या पिल्लालाही दिलं. मोटर बंद करेपर्यंत पेटीपाशीच बसून राहिलो. मग घरी गेलो, खुंटीवर माझं जुनं कुलूप होतं, त्याला शालूवहिनीकडचंच तेल मागून आणून लावलं आणि पेटीला घातलं. दोनदा ओढून बघितलं. संध्याकाळी काढलं. उद्या गुरुवार, त्याची पाळी.

केळी गोड होती. ती गोष्ट वेगळी.

माफी त्याने अजून मागितलेली नाही. पुस्तिकेत नाव-पत्त्यासकट छापा: जगन्नाथ परशुराम, राहणार निर्मळ, बावखलाच्या पलीकडे.